बंड्या दमतच नाही! (लॅब्राडॉर, १४ महिने, ३१ किलो, आणि घरात एक नवा गुडघा)

वरणफळ | १८ जून, रात्री ११:५२

झोप उडाली आहे म्हणून लिहायला बसले. लांबण लागणार, सांभाळून घ्या.

आमचा बंड्या पिवळा लॅब्राडॉर, १४ महिन्यांचा, कालच्या वजनकाट्यावर ३१ किलो. आम्ही पुण्यात, तिसरा मजला, दोन बेडरूमचा फ्लॅट. घरात मी, नवरा, सहावीतली मुलगी आणि सासरे. सासऱ्यांच्या, म्हणजे अप्पांच्या, उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन पाच आठवडे झाले. वॉकर सुटून काठी आलीय.

बंड्या वाईट नाही हो. चावत नाही, गुरगुरत नाही. त्याला फक्त आनंद आवरत नाही. बेल वाजली की सोफ्यावरून थेट दाराशी, मधे येईल ते आडवं. दूधवाला पिशवी कडीला अडकवून जिन्यानेच पळ काढतो. रात्री नऊच्या सुमाराला बंड्याच्या अंगात येतं. हॉल, पॅसेज, बेडरूम, पलंगावरून उडी, परत हॉल. मी आडवी आले तर गाऊनची कड दातात धरून लोंबकळतो.

परवा बेल वाजली तेव्हा अप्पा पॅसेजमध्ये होते. बंड्या त्यांच्या अंगावर गेला नाही, नुसता घासून गेला. पण काठी सुटली आणि अप्पा भिंत धरत धरत खाली बसले. डॉक्टरांना दाखवून आणलं, काही झालेलं नाही. अप्पा "पाणी दे" एवढंच म्हणाले. रात्री नणंदेचा फोन आला. "आमच्या शेतावर पाठवून द्या, तिथे मोकळा धावेल." नवरा गप्प बसला, आणि त्याचं गप्प बसणं मला नीट कळतं.

आम्ही काय करतो ते सांगते. पहाटे साडेपाचला नवरा त्याला तासभर पळवतो. मग मी मागच्या मोकळ्या प्लॉटवर चेंडू टाकते. एकदा मोजलं, ७० वेळा टाकला. संध्याकाळी परत तेच. दोन महिन्यांपूर्वी चाळिसाव्या चेंडूला जीभ बाहेर यायची. आता सत्तर झाले तरी चेंडू माझ्या पायावर आणून टाकतो आणि वर भुंकतो.

एक ट्रेनरही झाले. "आठ दिवसांत सरळ करतो" म्हणाले, पैसे आगाऊ घेतले, गळ्यात चोकचेन घातली. ओढला की हिसका द्यायचा. आता बंड्या खोकत खोकत ओढतो. व्हेटने कान, कातडी, रक्त सगळं तपासून ठीक म्हणून सांगितलं.

तर व्यायाम अजून वाढवू का? नसबंदी केली की शांत होतो म्हणतात, खरं का? कुणी औषध दिलंय का?

*

आगाऊ_अंजीर | १९ जून, सकाळी ७:०५

शेतावर पाठवाच. बंड्याला नाही, नणंदेला.

*

कर्दनकाळ | १९ जून, सकाळी ९:३०

सरळ सांगतो, राग नको. कुत्रा कळपातला प्राणी. तुमच्या घरात तो अल्फा, म्हणजे कळपाचा म्होरक्या, होऊन बसलाय. उताणा पाडायचा, मान दाबायची, अंग सैल सोडेपर्यंत हात काढायचा नाही. तुम्ही जेवल्याशिवाय त्याला जेवण नाही. दारातून आधी तुम्ही, मग तो. माझा जर्मन शेफर्ड मी असाच वाढवला, नजरेवर चालायचा.

*

नदीकाठी | १९ जून, दुपारी १:१८

वरणफळ, मी सांगलीत असते. घरची दोन कुत्री आहेत, आणि येऊन-जाऊन असलेली पाहुणी मोजायचं मी सोडून दिलंय. कर्दनकाळांशी नंतर भांडू. आधी दोन कामं करा.

पॅसेजच्या तोंडाशी लहान मुलांसाठी लावतात ते गेट बसवा, आजच. कुत्रा शिकेल तेव्हा शिकेल, अप्पांचा गुडघा तोवर थांबणार नाही. आणि दाराच्या बेलची वायर काढून बाहेर चिठ्ठी लावा, 'बेल बंद आहे, फोन करा'.

दुसरं, चोवीस तासांत बंड्या किती झोपतो ते सांगा. अंदाज नको, उद्याचा एक दिवस कागदावर लिहा.

*

वरणफळ | २० जून, रात्री १०:४०

लेकीने वहीच्या मागच्या पानावर तक्ता करून दिवसभर राखण केली. (शाळेला दांडी. पोट दुखत होतं म्हणे.)

रात्रीची झोप साडेसहा तास. दिवसात पंधरा-वीस मिनिटांचे तुकडे, सगळे मिळून अडीच. एकूण नऊ. तक्त्यात एक ओळ सारखी आली आहे: "आई उठली, बंड्या उठला." "अप्पा खोकले, बंड्या उठला." "कुकरची शिटी, बंड्या उठला." फ्रिजचं दार तर बोलायलाच नको.

*

नदीकाठी | २१ जून, सकाळी ६:५०

नऊ! मला वाटलंच होतं.

मोठं कुत्रं दिवसाला बारा-चौदा तास झोपतं, लहान पिल्लू अठरा-वीस. बंड्या अजून पोरगाच आहे. म्हणजे रोज चार-पाच तास तो झोपेचा उपाशी राहतो. लग्नघरात रात्री अकराला चार वर्षांचं पोर कसं खुर्च्यांमधून पिसाटासारखं पळतं आणि त्याची आई म्हणते, "याला झोप आलीय"? तुमचं रात्री नऊचं अंगात येणं ते हेच.

तुम्ही त्याला दमवत नाही आहात, तालमीत घातलंय त्याला. रोज पहाटे तासभर पळणाऱ्याचा दम वाढणार की घटणार? चाळिसाचे सत्तर झाले हे तुम्हीच लिहिलंय. शंभरही होतील, आणि मग तुमचा खांदा जाईल. शिवाय चेंडूमागे सुटणं आणि पकडणं म्हणजे शिकारीचा शेवटचा तुकडा, तोच सत्तर वेळा. त्याने चढलेला पारा घराचं दार लावल्यावर उतरत नाही, पुढे तासन्‌तास अंगात राहतो. त्यावर बेल, त्यावर कुकर, त्यावर शाळेतून आलेली लेक. एकेकटं काहीच नसतं, थर बसत जातात. ज्या भरात अप्पा पडले त्याची सुरुवात बहुतेक पहाटे साडेपाचलाच झालेली.

म्हणून चेंडू माळ्यावर टाका. पळणं बंद. सकाळी चाळीस मिनिटं चालायचं, पण वाट बंड्याच्या नाकाने ठरवायची. एका खांबाशी चार मिनिटं लावली तर लावू दे, तुम्ही मोबाईल बघा. आपल्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाख, कुत्र्याच्या नाकात तीस कोटींपर्यंत. नाकाने तो जेवढा थकतो तेवढा पायांनी नाही, आणि नाकाने थकलेलं कुत्रं घरी येऊन आडवं होतं.

जेवण वाटीत द्यायचं बंद. घरात आप्पेपात्र आहे ना? प्रत्येक खळग्यात चार दाणे टाका आणि वर जुने टेनिसचे चेंडू ठेवा. (चेंडूला आता हेच काम.) नाहीतर जुन्या टॉवेलवर दाणे पसरून त्याची वळकटी करा, उलगडू दे. रबराचं पोकळ खेळणं मिळतं, त्यात दहीभात भरून फ्रिजरला लावा. मीठ नाही, फोडणी तर नाहीच. चाटणं आणि चावणं ही त्यांची जपमाळ आहे.

आणि एक गोणपाट घ्या. त्याबद्दल उद्या सविस्तर लिहिते, आत्ता गॅसवर दूध आहे.

*

संत्राबर्फी | २१ जून, सकाळी ११:०२

ताई, तुमच्याकडं पाऊस लागला असंल, आमच्या नागपुरात अजून चटके हायेत. म्हनून एक सांगतो, उन्हात चालवाचं असंल त आधी डांबरावर हात उलटा ठेवून पाहा. सात सेकंद. तुमाले सोसलं नाही त त्याच्या पंजाले कायचं सोसते? कुत्र्याच्या अंगाले आपल्यासारखा घाम नाही, सगळं काम जिभेवर. कदी कदी आपन समजतो कुत्रं मस्तीत हाये, अन् ते बिचारं तापलेलं असते. आमचा गावठी 'बाबू' दुपारभर कूलरच्या पान्यात बसते. आता कूलरच त्याचा झाला, आमी पंख्यावर हाओत.

*

जित्राब | २१ जून, दुपारी ४:३५

सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात चौतीस वर्षं काढली. बहुतेक गाई-म्हशी, पण कुत्रीही येत. प्रश्नांची उत्तरं देतो.

नसबंदी. नराचं भटकणं, जागोजाग खुणा करणं, चढणं हे बऱ्याच अंशी कमी होतं. उड्या मारणं, बेलवर धावून जाणं याचा वृषणाशी संबंध नाही. करायची तर इतर कारणांसाठी करा. मोठ्या जातीत हाडांची वाढ पुरी झाल्यावर केलेली बरी, वेळ तुमच्या व्हेटबरोबर ठरवा. "शांत व्हावा म्हणून" आणलेले किती तरी कुत्रे मी पाहिले. टाके काढायला आले ते उड्या मारतच आले.

औषध. खरी गरज असलेली कुत्री असतात: फटाक्यांनी थरथरणारी, एकटं राहिलं की दार कुरतडून तोंड रक्ताळून घेणारी. त्यांना औषध द्यावं, लाज बाळगू नये. बंड्याच्या वर्णनात मला भीती दिसत नाही, उतावळेपणा दिसतो. घरातल्या माणसाची झोपेची गोळी अर्धी करून देऊ नका. हसू नका, लोक देतात.

चोकचेन आज काढा. खोकला येतोय म्हणजे श्वासनलिकेवर दाब येतोय. छातीवर पुढून कडी असलेला हार्नेस घ्या. ओढला की तो आपोआप तुमच्याकडे वळतो.

आता लॅब्राडॉरच्या पोटाविषयी. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ साली दाखवलं की साधारण चारांतल्या एका लॅबमध्ये भुकेशी संबंधित एका जनुकाचा तुकडाच गळालेला असतो. त्याचं पोट भरलं तरी भूक हटत नाही. शिकवायला हे फार सोयीचं, दाण्यासाठी तो गीताही पाठ करील. पण शिकवताना दिलेला प्रत्येक दाणा दिवसाच्या जेवणातून वजा करा, नाहीतर दोन वर्षांनी गुडघे त्याचे तपासावे लागतील. कांदा, द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट बंद. शुगरफ्री गोळ्यांत झायलिटॉल असू शकतं, ते तर जीवघेणं.

*

कार्डिफकर | २१ जून, रात्री ९:२०

कर्दनकाळ, अल्फाची गोष्ट कुठून आली ते सांगतो. १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल यांनी कोंडलेल्या लांडग्यांचं निरीक्षण लिहिलं. एकमेकांशी नातं नसलेले लांडगे एका कुंपणात टाकले तर ते भांडणारच, कुणीतरी दादा होणारच. १९७० मध्ये डेव्हिड मेक यांच्या पुस्तकाने ती कल्पना जगभर नेली. पुढे याच मेक यांनी उत्तर कॅनडातल्या एल्झमिअर बेटावर मोकळे लांडगे वर्षानुवर्षं पाहिले आणि १९९९ मध्ये स्वतःच लिहिलं की रानातला कळप म्हणजे आई, बाप आणि त्यांची पोरं. अल्फा म्हणजे फक्त आई-बाप. ज्याने गोष्ट पसरवली तोच आवरायला आला, पण तोवर ट्रेनर लोकांच्या हाती लागली होती.

आमच्या वेल्समध्ये शॉक देणारे पट्टे २०१० पासून बंद आहेत. माझ्या शेजाऱ्याचा बॉर्डर कोली त्या काळात शॉकवर 'सरळ' झालेला. भुंकायचा थांबला. पण पट्ट्याचा डबा ठेवलेल्या कपाटाजवळून जाताना मरेपर्यंत अंग चोरायचा.

*

कर्दनकाळ | २१ जून, रात्री ११:४४

पुस्तकं आम्हीही वाचतो.

*

नदीकाठी | २२ जून, सकाळी ७:१५

गोणपाट. तांदळाचं रिकामं पोतं चालेल, ज्यूटचं. मऊ गादी नको, कारण ही जागा 'वेगळी' वाटायला हवी, पायाला वेगळी लागायला हवी. ते हॉलच्या एका कोपऱ्यात अंथरा. बंड्याला तिथे नेऊ नका, बसवू नका, 'सीट' म्हणू नका. शेजारी खुर्ची टाकून कुणीतरी बसायचं, खिशात त्याच्याच जेवणातले दाणे. तो सहज त्यावर आला, एक दाणा पुढच्या पंजांच्या मधे ठेवायचा. बसला, एक दाणा. अंग टाकलं, दोन. कुल्ला एका बाजूला कलला, हनुवटी खाली टेकली, श्वास सुटला, तीन. बोलायचं नाही. "शाब्बास बंड्या!" म्हणून टाळ्या पिटल्यात की तो उठलाच. दाणा असा ठेवायचा, जसा देवापुढे ठेवतो.

आपण घरात उलटं करतो. कुत्रं शांत पडलं की "झोपलंय, हळू" म्हणून त्याच्याकडे बघत नाही, आणि उडी मारली की सगळं घर त्याच्याशी बोलतं. रागावलो तरी बोलतोच ना. त्याच्या हिशोबात उडी मारली की माणसं मिळतात.

बेल फोनवर रेकॉर्ड करा, अगदी हळू आवाजात वाजवा, आणि लगेच गोणपाटावर चार दाणे. तो कुठेही असो, दाणे गोणपाटावरच पडणार. दिवसातून आठ-दहा वेळा, बस. थोड्या दिवसांनी बेल वाजली की तो दाराकडे न बघता कोपऱ्याकडे बघेल. त्या दिवशी मला पेढे.

*

वरणफळ | २९ जून, रात्री १०:१०

नदीकाठी, पेढे लांबच. परिस्थिती बिघडली आहे.

उडी मारली की पाठ फिरवायची असं आम्ही तिघांनी ठरवलं. पहिले दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवसापासून तो उडी मारून थांबत नाही, पाठीवर पंजे मारतो, समोर येऊन भुंकतो. काल सलग अठरा मिनिटं. खालच्या मजल्यावरचे काका वर आले. आज सोसायटीच्या व्हॉट्सॲपवर 'कुत्रे लिफ्टमधून नेऊ नयेत' असा मजकूर पडलाय, नाव न घेता. इमारतीत कुत्रा एकच.

*

नदीकाठी | २९ जून, रात्री १०:३२

दिवा विझताना मोठा होतो, तसं हे. इतके दिवस उडी मारली की माणूस मिळत होता. आता मिळेना, तर तो अजून जोराने मागून बघतोय. लिफ्ट येईना की आपण बटण चारदा दाबतो ना? आत्ता एकदा जरी "अरे गप!" म्हणालात तर अठरा मिनिटं भुंकलं की माणूस मिळतो एवढंच शिकेल.

पण नुसती पाठ फिरवणं अर्धंच काम. चारी पाय जमिनीवर आले की त्याच क्षणी मिळालं पाहिजे. आणि घरातलं कुणीतरी फितूर आहे का बघा. असतंच.

*

सोलकढी | २९ जून, रात्री ११:१५

लिफ्टचं मी सांगते, हा छळ सोसलेला आहे. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाचं २०१५ चं परिपत्रक आहे. सोसायटीला पाळीव कुत्र्यावर सरसकट बंदी घालता येत नाही आणि लिफ्टमध्ये मज्जावही करता येत नाही. एक प्रत सेक्रेटरींना द्या, भांडू नका. सोबत काकांना थोडे मोदक. आमच्या मालवणात म्हनतत, शेजाऱ्याचा तोंड गोड तर कुत्र्याचा भुंकणा पन गोड.

(असं कुणी म्हणत नाही. मी आत्ता केलं. पण मोदक द्या.)

*

वरणफळ | १ जुलै, दुपारी ३:२०

फितूर सापडला. अप्पा.

रोज सकाळी चहाच्या वेळी बंड्या त्यांच्या मांडीवर पंजे टाकतो आणि अप्पा बशीतलं ग्लुकोजचं बिस्कीट अर्धं मोडून त्याच्या तोंडात. वर लुंगीच्या ओच्यात एक जादा. हे पहिल्या महिन्यापासून चालू आहे! मी स्वयंपाकघरात असते म्हणून मला पत्ता नाही. विचारलं तर म्हणाले, "तो माझ्याकडे धावत येतो ते तुला खुपतंय का?"

मला काही बोलताच आलं नाही. सात आठवडे ते घरात अडकून आहेत, आणि दिवसात त्यांच्याकडे धावत येणारं दुसरं कुणी नाही.

*

मांजरा_काठ | १ जुलै, सायंकाळी ६:४८

आमच्याकडं लातूरला कारवानी कुत्री. मुळात शिकारीची जात, पूर्वी सशामागं सोडायचे, आता कायद्यानं ते बंद, आन् बरंच झालं. सुटलं की वाऱ्यासारखं, नजर ठरत नाही. पर दिवसभर काय करतंय? चुलीच्या मागं राखंत पडून राहतंय. पाव्हणे आले, एक डोळा उघडला, बघितलं, मिटला. त्येला कुणी शिकविलं? कुणीच नाय. लहानपणापासून त्येच्याकडं कुणी बघितलंच नाय सारखं. गावात कुत्र्याला येळच येळ असतोय. तुमच्या फ्लॅटात त्येला दर पाच मिन्टाला कायतरी घडतंय.

आन् वरणफळ, म्हाताऱ्यालाच काम द्या की. ते बसूनच हायेत ना खुर्चीवर?

*

नदीकाठी | १ जुलै, सायंकाळी ७:०५

मांजरा_काठ, हे मला कसं सुचलं नाही! गोणपाटाशेजारच्या खुर्चीत बसायला सबंध घरात हललं नाही तरी चालेल असा एकच माणूस आहे.

*

वरणफळ | १९ जुलै, रात्री ९:३०

रात्रीचे साडेनऊ वाजलेत आणि मी बसून टाईप करते आहे, यावरून काय ते ओळखा.

अप्पांना मी "मदत हवी होती" म्हणून सांगितलं. "तुम्ही चुकता" असं म्हणाले असते तर ते जपून ठेवलेलं आणखी एक बिस्कीट निघालं असतं. आता बिस्किटं बंद, त्यांच्या खिशात जेवणातले दाणे. सकाळी पेपर वाचताना आणि दुपारी फिजिओच्या व्यायामाला ते गोणपाटाशेजारी बसतात. व्यायाम असा की पाय सरळ उचलून दहा अंक धरायचा. अप्पा मोठ्याने मोजतात. "दहा" म्हटलं की पाय खाली आणि एक दाणा गोणपाटावर. पहिल्या आठवड्यात बंड्या तिसऱ्या अंकाला उठायचा. आता दहापर्यंत हनुवटी टेकून पडून असतो. नववा अंक अप्पा मुद्दाम लांबवतात. बंड्याची भुवई वर जाते, बाकी काही हलत नाही. आधी व्यायामाच्या नावाने कटकट होती, आता फिजिओ यायच्या आधीच एक फेरी झालेली असते.

झोप परवाच्या तक्त्यात साडेतेरा तास. नवऱ्याने पळणं सोडलं नाही, तो एकटाच पळतो. फिरायला मी नेते. आमचा वेग तासाला अर्धा किलोमीटर असावा. एका चिंचेच्या बुंध्याशी काल सहा मिनिटं. त्या झाडापाशी एवढं काय छापून येतं मला माहीत नाही, पण तो अग्रलेखही सोडत नाही.

सगळं गोड नाही. लेकीच्या मैत्रिणी आल्या की अजून भान सुटतं, त्या वेळी गेट लावून दहीभाताचं खेळणं देते. लीशवर दुसरं कुत्रं दिसलं की मी अजून झाड धरून उभी असते.

*

जित्राब | १९ जुलै, रात्री १०:००

उत्तम. मैत्रिणींचं मनाला लावून घेऊ नका, वयही आहे. न्यूकॅसल विद्यापीठातल्या लोकांनी २०२० साली लॅब आणि गोल्डन रिट्रीव्हरच्या पिल्लांवर पाहिलं की पाच महिन्यांची असताना ऐकणारी पिल्लं आठ महिन्यांची झाली की स्वतःच्या माणसाचं कमी ऐकतात, आणि तोच हुकूम परक्याने दिला तर ऐकतात. मला दोन मुलगे आहेत, मला हे कुणी सांगायला नको होतं.

*

कर्दनकाळ | २० जुलै, सकाळी ८:१२

माझा शेफर्ड गेल्या वर्षी गेला. मी हात वर केला की तो बाजूला व्हायचा. केसावरून फिरवायला नेला तरी. त्याला मी नजरेवर चालणं समजायचो.

लिहीत राहा, वाचतोय.

*

संत्राबर्फी | २० जुलै, सकाळी ८:४०

भाऊ, या कदी नागपूरले. बाबूची अन् तुमची गाठ घालून देतो.

*

वरणफळ | ११ ऑगस्ट, दुपारी १२:५५

बेलची वायर मागच्या आठवड्यात परत जोडली. पहिले तीन-चार दिवस कोपऱ्यात दाणे टाकत होतो. मग टाकायच्या आधीच तो तिकडे जायला लागला. नदीकाठी, पत्ता व्यक्तिगत निरोपातून कळवा, पेढे चितळ्यांचे चालतील ना?

आजची गंमत. श्रावण असला तरी सकाळी कडक ऊन पडलं, म्हणून गोणपाट धुवून बाल्कनीतल्या दोरीवर टाकलं. अप्पा हॉलमध्ये काठीशिवाय उभे राहायचा सराव करत होते. बेल वाजली. बंड्या उठला, कोपऱ्यात गेला, तिथे नुसती फरशी. एक गिरकी घेतली. अप्पांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी श्वास धरून उभी, कारण दार आणि त्याच्या मधे फक्त अप्पा.

तो वळून बाल्कनीत गेला. दोरीवरून गोणपाटाचं पाणी टपकत होतं, बरोबर त्याखाली जाऊन अंग टाकलं आणि हनुवटी ओल्या लादीवर. कुरियरवाला जाईपर्यंत पाणी त्याच्या डोक्यावर पडत होतं, आणि अप्पा हॉलमधून मोजत होते, "सात... आठ... नऊऊऊ..."

*

आगाऊ_अंजीर | ११ ऑगस्ट, दुपारी १:०२

फोटो???

*

वरणफळ | ११ ऑगस्ट, दुपारी १:१०

एका हाताने कुरियरची सही केली, दुसऱ्या हाताने अप्पांना धरलं होतं. फोटो कशाने काढू?

*

नदीकाठी | ११ ऑगस्ट, दुपारी १:३०

दुसरं गोणपाट घ्या. धुण्याच्या दिवसासाठी.